हाकेला ओ

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींचा मला भयंकर कंटाळा आहे. कोणाच्या आत्याला पिंपळाखाली काय दिसलं, हे सुरू झालं की मी उठून चहा टाकायला जाते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर का कुरकुरतं, दार आपोआप का लागतं, हे सांगण्याचाच मी पगार घेते. तेव्हा पुढचं वाचून 'ताई, जरा डॉक्टरला दाखवा' असं म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा. दाखवून झालंय.

आम्ही ऑकलंडला, हेन्डरसनमध्ये राहतो. मी, नवरा निखिल आणि आठ वर्षांची इरा. इरा जन्मली इथेच. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्लिशच बाहेर पडतं. 'जेवलीस का?' म्हटलं की 'येप'. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे... वाटायचं हो, पण रोज उठून भांडायला वेळ कोणाकडे आहे?

गेल्या वर्षी पुण्याहून माझे बाबा एकटेच आले, आईला विमानप्रवास झेपत नाही. आणि त्यांनी मात्र कंबर कसली. बाबा म्हणजे जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. आवाज असा की मैदानाच्या पार टोकाचं पोरगं दचकून उभं राहायचं. त्यांचा सगळा राग एकाच गोष्टीवर — हाक मारली की इरा 'व्हॉट?' म्हणायची.

"व्हॉट काय व्हॉट? हाकेला ओ द्यावी," बाबा म्हणायचे. "ओ आली की कळतं, आपलं माणूस जागेवर आहे."

मग दिवसभर कवायत. "इरा!" "व्हॉट?" "पुन्हा. इरा!" "आजोबा, दॅट्स सो रँडम." मला हसू यायचं, आणि बाबांचा चेहरा पडलेला बघून जीव तुटायचाही. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाले, "परत जायच्या आधी एकदा तिची ओ ऐकायचीय गं. बाकी काही नको."

शाळेच्या स्प्रिंगच्या सुट्टीत मी बाबांना आणि इराला घेऊन डनीडनला गेले. निखिलला रजा नव्हती. डनीडन म्हणजे पार दक्षिणेचं, सोन्याच्या खाणींच्या जोरावर श्रीमंत झालेलं जुनं शहर. काळा दगड, पांढऱ्या कडा, चर्चचे सुळके. सकाळी रेल्वे स्टेशन बघितलं. बाबा फलाटावर उभे राहून म्हणाले, "एवढं देखणं स्टेशन, आणि गाडीचा पत्ता नाही." मग तो जगप्रसिद्ध चढाचा रस्ता. "सिंहगड चढलेला माणूस आहे मी," म्हणत निघाले आणि अर्ध्यात गुडघे धरून बसले. इरा जॅन्डल्स, म्हणजे आपल्या स्लिपर, हातात घेऊन वर पळाली. खालून बाबांची हाक — "इरा!" वरून — "व्हॉट?" सगळा रस्ता हसला.

दुपारी चीज रोल खाऊन आम्ही एक जुनं घर बघायला गेलो. कोण्या लोकरीच्या व्यापाऱ्याचं, आता म्युझियम केलेलं. नाव मुद्दाम देत नाही, त्या लोकांचा काही दोष नाही. दारात हेलन नावाच्या वयस्कर बाई होत्या. 'किआ ओरा' असा माओरी नमस्कार करून त्यांनी तिकिटं दिली, आरामात बघा म्हणाल्या. आमच्याशिवाय त्या वेळी घरात कोणी नव्हतं.

मधोमध मोठा लाकडी जिना, वर काचेचं छत. आवाज छान घुमायचा. बाबांना तेवढंच हवं होतं. दिवाणखान्यात "इरा!" जेवणाच्या खोलीत "इरा!" पहिल्या मजल्यावर "इरा!" — आणि प्रत्येक वेळी थांबून, लहान मुलाकडून घोटवून घेतात तसं स्वतःच हेल काढून म्हणायचे, "ओ, आजोबा. अस्सं म्हणायचं." मी म्हटलं, "बाबा, पुरे आता, त्या बाई काय म्हणतील." ते म्हणाले, "भिंतीसुद्धा शिकतील, पण तुझी लेक शिकायची नाही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

बाबा सगळ्यात वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या बघायला गेले. इराला तहान लागली म्हणून मी तिला घेऊन खाली आले. ती माझ्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. वरून बाबांची हाक आली. "इरा!"

इराने तोंडात पाणी असल्यामुळे नुसते डोळे फिरवले.

आणि वरून उत्तर आलं. "ओ, आजोबा."

इराचा आवाज होता. हेल मात्र बाबांचा, त्यांनी घोटवला होता तसाच्या तसा. माझ्या डोक्याने लगेच हिशेब जुळवला... प्रतिध्वनी असेल, वर दुसरं कोणी मराठी कुटुंब असेल. समोर बसलेली इरा बाटली खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. "ममा, हू इज दॅट?"

बाबा वर खूश होऊन हसले. "अगं माझी बाय! कुठे आहेस?"

"इथे. या ना."

मग दार आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून बाबांची किंकाळी. मी माझ्या बापाला आयुष्यात कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं.

इराला तिथेच बस म्हणून मी धावत वर गेले. टोकाच्या खोलीचं दार बंद होतं. आत काहीतरी जड वस्तू भिंतीवर आदळत होती, थांबत होती, पुन्हा आदळत होती. मी खांद्याने दाराला धडका दिल्या. जरासं सरकलं, मी फटीत हात घातला आणि आत बघितलं.

आदळत होते ते बाबा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांची कॉलर मागून ताणलेली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि चेहरा भिंतीवर आपटला जात होता. नाक फुटलं होतं. वॉलपेपरवर रक्ताचा पट्टा उठला होता. कान अर्धा फाटून लोंबत होता. आणि तो भला माणूस स्वतःला सोडून पोरीला शोधत होता. त्याला वाटत होतं, इरा आत आहे.

"इरा, पळ!"

"ओ, आजोबा." धाड.

"इरा, कुठे आहेस, बाहेर जा —"

"ओ." धाड.

कसा लाडिक आवाज होता... माझ्या मुलीचा, जसा ऐकायला मी इतकी वर्षं आसुसले होते तसा. बाबांनी नाव घेतलं की तो ओ देत होता, आणि ओ दिली की मारत होता. मी ओरडले, "बाबा, तिचं नाव घेऊ नका, इरा खाली आहे!" त्यांना ऐकू येत होतं की नाही देव जाणे. दार माझ्या हातावर मिटलं. बोटांची हाडं मोडली ती मी कानांनी ऐकली. हात अडकलेलाच होता आणि मी लाथा घालत होते. आत बरगडीचा आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. बाबा कण्हत पुन्हा म्हणाले, "इरा..."

माझ्या मागून उत्तर आलं. "ओ!"

इरा वर आली होती. जिन्याच्या कठड्याला धरून तिने सगळा जीव लावून ओरडून सांगितलं. "ओ, आजोबा! मी इथे आहे. मी इथे!"

जन्मात पहिल्यांदा.

आतलं सगळं थांबलं. दार आपसूक उघडलं आणि बाबा जमिनीवर कोसळले. मी सुटलेला हात पोटाशी धरून त्यांच्याजवळ बसले. ते इराकडे बघत होते. फुटलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न करत होते आणि रडत होते.

हेलनबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. बिचाऱ्या आमच्याइतक्याच हादरल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये ठरलं की वयस्कर गृहस्थ जिन्यावरून पडले. मी वाद घातला, मग सोडला. पण एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगते. स्ट्रेचर येईपर्यंत मी ते दार नीट बघितलं होतं. त्याला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, लॅचसुद्धा कधीचा काढून टाकलेला. एका बोटाने ढकललं तरी उघडत होतं.

बाबा बरे होऊन पुण्याला गेले. तेव्हापासून त्यांनी इराचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर 'बाळा' म्हणतात, 'पिल्लू' म्हणतात.

आणि इरा? इरा ओ देते. होमवर्क करताना, दात घासताना, गाडीत मागच्या सीटवर — कोणी हाक मारलेली नसताना, मान वर करून, स्वच्छ, "ओ, आजोबा." सुरुवातीला मला वाटलं, बिचारीच्या मनावर परिणाम झालाय. काउन्सेलरकडे नेलं, तेही हेच म्हणाले. मग एकदा ती स्विमिंग क्लासला होती, डोकं पाण्याखाली. घरी येऊन तिचे टॉग्ज, पोहण्याचे कपडे, वाळत घालतेय तोवर आईचा पुण्याहून फोन. बाबा पलंगावर पेपर वाचत बसले होते, आणि एकदम भिंतीवर आपटले. ओठ पुन्हा फाटला.

मी इराला जवळ घेऊन विचारलं, "तुला कोण हाक मारतं?"

"आजोबा," ती म्हणाली. "बट इट्स नॉट हिम. इफ आय डोन्ट आन्सर, इट हिट्स हिम."

म्हणजे ते आता बाबांचा आवाजही शिकलंय. की इराची ओ आणि बाबांचं ते आपटणं, हा नुसता योगायोग आहे? मला माहीत नाही. मी इतके दिवस डोकं लढवलं, काहीही हाती लागलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा, मी चिडणार नाही.

परवा इराला सडकून ताप होता. औषध देऊन झोपवली, दुपारभर तिला शुद्ध नव्हती. मला ती हाक ऐकू येत नाही, कधीच आलेली नाही. तरी मी तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले आणि ताप उतरेपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने, तिच्या आवाजात म्हणत राहिले — ओ, आजोबा.

संध्याकाळी फोन केला. बाबा ठीक होते.