अर्धीच जप्ती

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग थोडं ओशाळायला होतं.

अच्छाडजवळच्या एका गोदामातून ट्रकचे नवे टायर चोरीला गेले. कॅमेऱ्यांचं चित्रण गोदामाच्या सर्व्हरमध्ये असणार, म्हणून आमचे हवालदार जप्तीला गेले. मालक गयावया करू लागले, "दोन डिस्क आहेत साहेब. एक तुम्ही न्या, एक राहू द्या. धंदा बंद पडेल माझा." हवालदारांना ते रास्त वाटलं. पंचनामा होऊन एक डिस्क सीलबंद आली.

आमच्या तज्ज्ञाने ती तपासली, तर काहीच उघडेना. त्याच दुपारी मालकाच्या मेव्हण्याचा फोन आला. "सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनीच पुसलंय सगळं. चोरांना सामील आहे ती."

बाई रानशेतच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. मीही माझ्या घरातला पहिलाच. त्यामुळे असेल कदाचित, पण अटकेची घाई करायला मन घेईना. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा लागला असता, तर नोकरी आणि नाव दोन्ही गेलं असतं. महिला पोलिसासमोर चौकशी सुरू केली.

"डिस्क का पुसलीत?"

"आधी दाखवा तरी, साहेब."

मी दाखवली.

"दुसरी कुठाय?"

"मालकांकडे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "कॅमेरे वाढले, जागा पुरेना, म्हणून मी दुसरी डिस्क जोडून दोन्हींचा मिळून एकच मोठा साठा केला. जुनं न पुसता वाढवता येतो तो. पण चित्रण आता दोन्हींवर पसरलंय, एकटीवर काही उघडणार नाही. अर्धा सर्व्हर आणून मला पूर्ण चोर ठरवताय?"

महिला पोलिसाला हसू आवरेना. मी हवालदारांकडे पाहिलं.

"सीलं मात्र व्यवस्थित आहेत, साहेब," ते म्हणाले.

गोदामात दुसरी डिस्क घ्यायला गेलो, तर मेव्हणा आडवा आला. "हिच्यात काय नाय साहेब, नुसती गाणी हायेत." न विचारता माहिती देणाऱ्या माणसाला आम्ही सहसा सोबतच घेतो.

तज्ज्ञाने दोन्ही डिस्कच्या नकला काढून एकत्र जोडल्या. पडद्यावर टेम्पो दिसला, टायर दिसले, आणि घसरती पँट सावरत टायर लोटणारा मेव्हणाही.  मालक हळूच म्हणाले, "ही डिस्कपण तुम्हीच ठेवा साहेब. घरी नेली तर बायको बघेल भावाला."

डिस्क असो की माणूस, समोरचा गप्प राहिला की काहीतरी लपवतोय, असं आम्हा पोलिसांना चटकन वाटतं. आपणच त्याचं अर्धंच हाती घेतलंय का, हे आधी बघावं, एवढं मी त्या केसमधून शिकलो. मला ते नीट मांडता येत नाही. बाईंना आलं. जबाबावर सही करण्यापूर्वी त्यांनी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "साहेब, हा तरी पूर्ण आहे ना?"