काळ्या जिभेचा तेमिरकुल

आमच्या गावात तेमिरकुलला लोक अजूनही 'काळ्या जिभेचा' म्हणतात. हे नाव गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बायझाक आजोबांनी ठेवलं, पण त्याला कारण मी ठरले. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगायला लागलं की माझा भाग गाळून टाकतं, वहिनीची लाज राखायची म्हणून. मला नको तसली लाज.

तेमिरकुल माझा धाकटा दीर, गुरांच्या डॉक्टरचा मदतनीस. उन्हाळ्यात मेंढरं वरच्या कुरणांवर गेली की हा आपल्या जुन्या रशियन मोटरसायकलच्या कॅरियरला बर्फाची पेटी बांधायचा, पेटीत लशीच्या बाटल्या, आणि तंबू-तंबू हिंडायचा. चार-चार दिवस घरी पत्ता नाही. तिकडे रस्ता म्हणावं असं काही नाही. मेंढरांच्या वाटा, दलदल, दगडगोट्यांचे ओढे आणि एकामागून एक खिंडी. याला सगळं घरच्या अंगणासारखं पाठ. माझ्याकडे परदेशी मोटरसायकलवाले मुक्कामाला यायला लागले तेव्हा मी त्यांना जेवायला घालायची आणि हा त्यांच्या गाड्यांभोवती घुटमळायचा. घरदार सोडून दोन-दोन महिने धूळ खात फिरणारी ती माणसं मला वेडी वाटायची. त्याला ती सख्खी वाटायची.

पंधरा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये बोहुमिल आला. चेक माणूस, साठीचा, आयुष्यभर ट्राम चालवलेली. रुळावरून चाळीस वर्षं गाडी हाकली, आता जिथे रूळ नाहीत तिथेच जाणार, असं म्हणाला. शाळेत शिकलेली मोडकीतोडकी रशियन त्याला येत होती. सकाळी साय आणि पाव खाता खाता त्याने नकाशा पसरला आणि सारी-बुलाक नदीवर बोट ठेवलं.

"इथे पूल. पूल चांगला?"

पूल तीन दिवसांपूर्वीच वाहून गेला होता. तेमिरकुलने स्वतः पाहिलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि मी टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला.

कारण आमच्याकडे वाटेला लागलेल्या माणसाला अभद्र बोलत नाहीत. रस्ता कसा आहे विचारलं तर चांगला आहे, मोकळा आहे, एवढंच सांगायचं. खिंडीत छातीएवढं बर्फ असलं तरी हेच. आमचा माणूस पुढे जातो, बघतो, जमेल तर जातो, नाहीतर जवळच्या तंबूत चहा पिऊन परत येतो. सांगणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, आशीर्वादासाठी हात उचललेले. अशा वेळी पूल पडल्याचं बोलायचं?

"चांगला आहे," तेमिरकुल म्हणाला. "रस्ता मोकळा आहे."

बोहुमिलने नकाशावर त्या जागी खूण केली, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला.

तेमिरकुलचा चहा तसाच गार होत होता. मी म्हटलं, "काय झालं भाऊजी? साय आंबट लागली?"

"वहिनी, तो थांबायचा नाही."

"पूल नाही दिसला की फिरेल मागे. डोळे आहेत त्याला."

"आपला माणूस फिरेल. हा मला विचारून गेलाय. पूल नाही दिसला तर त्याला वाटेल, पाण्यातूनच जायचं असेल, इथला माणूस चांगलं म्हणाला म्हणजे जमत असेल. आणि पोचणार कधी? दुपारी!"

दुपारी. वरचं बर्फ सकाळपासून वितळतं आणि त्याचं पाणी दुपारी तीनला खाली येतं. पहाटे मेंढरू जिथून चालत जातं तिथून दुपारी घोडासुद्धा जात नाही. तेमिरकुल उठून गाडीला किक मारायला लागला होता.

सासूबाई ओरडल्या, "अरे, गेलेल्या माणसाच्या मागे हाका मारत जातोस? त्याचं काही बरंवाईट करायचंय का?"

"करून झालंय, आई."

मी घोड्याचा दोर उचलला आणि मागे बसले. तो म्हणाला, "तुम्ही कुठे?" मी म्हटलं, "चिमटा कुणी काढला होता?"

त्या दिवशी मला कळलं माझा दीर काय चीज आहे. बोहुमिल दरीतल्या वाटेने साठ किलोमीटर जाणार होता. हा मेंढरांच्या वाटेने थेट कड्यावर चढला. उभा राहून गाडी चालवत होता, गुडघे सैल, नजर चाकापुढे नाही तर पार लांब. मी मागे देवाचं नाव घेत त्याचा पट्टा धरून बसलेली. एका ठिकाणी हिरवंगार गवत सोडून तो मुद्दाम दगडातून गेला. मी ओरडले, "डोळे फुटले का?" तर म्हणे, "त्या गवतात लीद दिसली का कुठे? घोडे टाळतायत ते. खाली चिखल आहे." घसरणीच्या उतारावर मला खाली उतरवून चालायला लावलं आणि स्वतः एक पाय जमिनीला टेकवत, इंजिन मंद चालू ठेवत गाडी खाली आणली. एवढ्या घाईत त्याने कुठेही जोर केला नाही. मी एवढं जोरात हाकायला सांगत होते, तर तो म्हणाला, "वहिनी, पडलो तर तो मेलाच."

आम्ही नदीवर पोचलो तेव्हा बोहुमिल पाण्याच्या मध्यावर होता. गाडी बंद पडून कलंडलेली, पाणी सीटपर्यंत आलेलं, आणि हा दोन्ही हातांनी हँडल धरून प्रवाहाला पाठ देऊन उभा. पाणी चढत होतं. काठावरचा एक पांढरा दगड आमच्या डोळ्यांदेखत बुडाला.

"सोड! गाडी सोड!" तेमिरकुल ओरडला.

त्याने मान हलवली. नाही. त्याचं सगळं त्या गाडीवर होतं, चाळीस वर्षांची वाट पाहणंसुद्धा.

तेमिरकुलने दोर कमरेला बांधला, दुसऱ्या बाजूने मोठ्या दगडाला दोन वेढे दिले आणि टोक माझ्या हातात दिलं. "हळूहळू सोडा. मी पडलो तर ओढू नका, नुसतं धरून ठेवा, पाणीच मला काठाला आणेल." तो वरच्या अंगाने तिरका तिरका आत गेला. माझे हात सोलले गेले. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला तरी म्हातारा हँडल सोडेना. उलट त्याच्याच तोंडावर ओरडला, "तू चांगला म्हणालास! तू म्हणालास रस्ता चांगला!"

गावात कुणीही असता तर म्हणाला असता, देवाची मर्जी. किंवा म्हणाला असता, सकाळी चांगला होता. तेमिरकुल त्या पाण्यात उभं राहून म्हणाला, "खोटं बोललो. पूल नाही, मला माहीत होतं. आता खरं सांगतो, अजून थोडा वेळ उभा राहिलास तर मरशील. सोड."

बोहुमिलने त्याच्याकडे बघितलं आणि हात सोडले. गाडी एकदा उलटली आणि दिसेनाशी झाली. दोघं दोराला लोंबकळत काठाला लागले. मी दोघांनाही शिव्या दिल्या आणि मग दोघांनाही जवळ घेतलं.

गाडी दुसऱ्या पहाटे पाणी उतरल्यावर सापडली. घोडे लावून बाहेर काढली. तेमिरकुलने ती माझ्या अंगणात सुटी केली, एकेक भाग वाळवला, तीन आठवडे लागले. बोहुमिल तिच्यावरच बसून घरी गेला.

पण तेमिरकुल बदलला तो बदललाच. त्या दिवसापासून निघालेल्या प्रत्येकाला खरं सांगायला लागला. लग्नाचं वऱ्हाड निघालंय, सगळे आनंदात, आणि हा गाडीपुढे उभा, "पलीकडचा घाट खचलाय, वळसा घालून जा." शुभ बोल नाऱ्या म्हणावं तर हा मांडवाला आग लागल्याचंच सांगणार! बायझाक आजोबांनी त्या वऱ्हाडातच थुंकून म्हटलं, "काळ्या जिभेचा मेला." नाव चिकटलं. ट्रकवाले त्याला बघून काच वर करायचे. कुणाची मुलगी सासरी निघाली की सासूबाई स्वतः त्याला गोठ्यात पाठवायच्या. तो जायचा, मुकाट्याने. आणि नवरीचा बाप मागच्या दाराने येऊन हळूच विचारायचा, "खरंच खचलाय का रे?"

परदेशी मात्र त्याला शोधत येऊ लागले. बोहुमिलने तिकडे सांगितलं असणार. आज तेमिरकुल वीस-वीस दिवसांच्या सफरी नेतो, पाच-सहा खिंडी, कितीतरी नद्या, मध्ये गाव नाही. चौदा उन्हाळे झाले, एकही माणूस गमावला नाही. गुराख्यांना तो रस्ता विचारतच नाही, कारण ते चांगलाच म्हणणार. तो त्यांच्याकडे चहा पितो, मेंढरांची चौकशी करतो आणि जाता जाता नदी ओलांडून आलेल्या त्यांच्या घोड्याच्या पोटाखाली हात फिरवतो. पोट ओलं लागलं की नदी केवढी आहे ते त्याला कळतं. प्रत्येक ओढा आधी स्वतः चालून पार करतो, काठी घेऊन, या वयातही. दमलेल्याला दमलास म्हणतो, येत नसेल त्याला येत नाही म्हणतो. एका तगड्या जर्मन तरुणाला त्याने पहिल्याच दिवशी परत पाठवलं. तो रागाने गेला आणि पुढच्या वर्षी नीट शिकून आला.

यंदा जूनच्या सुरुवातीला अकरा घरं कुरणांवर निघाली होती. ट्रकवर तंबू, चुली, किटल्या चढवून दोर आवळलेले. माझ्या अंगणात आठ मोटरसायकली त्याच खिंडीतून जायला तयार. आदल्या दिवशी तेमिरकुल एकटा वर जाऊन आला होता. सगळे बायझाक आजोबांच्या आशीर्वादाची वाट बघत होते. आता नव्वदीला टेकलेत, पण घोड्यावरच. त्यांनी हात उचलला नाही. गर्दीत बघितलं.

"तो काळ्या जिभेचा कुठाय? इकडे ये. आधी तू बोल."

तेमिरकुलने हेल्मेट काढलं. "आजोबा, खिंडीच्या उत्तरेला बर्फाखालून पाणी वाहतंय. वरून पांढरं दिसतं, आतून पोकळ आहे. घोडा आत जाईल. गाड्या तर रुततीलच. दोन दिवस नको."

माझ्या नवऱ्याने ट्रकमधून डोकं बाहेर काढलं, "अहो, सगळं बांधून झालंय! आता कुठे—"

"ऐकू आलं ना?" आजोबा म्हणाले. "सोडा दोर."

ते घोड्यावरून उतरले, लगाम तेमिरकुलच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "चहा टाक ग, सूनबाई. दोन दिवस आहोत."

मी आत गेले. बाहेर अकरा घरांचे दोर सुटत होते, परदेशी आपल्या पेट्या उतरवत होते, कुणी कुरकुरतसुद्धा नव्हतं. मी चहा टाकला आणि चुलीपाशी उभी राहून पोटभर रडले.