आतोबांचे सोळा दिवे

माणसांना रांगेत उभं केल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगता येत नाही, असं मनापासून मानणारे माझे आतोबा हे अख्ख्या राजस्थानातले एकमेव गृहस्थ असावेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तरुणपणी सांगलीहून जयपूरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला आले आणि निवृत्त झाल्यावरही शिकवायचे थांबले नाहीत. फक्त समोर सापडेल तो विद्यार्थी झाला. माझ्या नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली, त्या वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी सात जणांना रांगेत उभं केलं आणि पहिल्याच्या हातात एक लाडू ठेवला. "मी टाळी वाजवली की प्रत्येकानं हातात असेल ते पुढच्याला द्यायचं. एका टाळीला एकच घर! याला म्हणतात शिफ्ट रजिस्टर." सहा टाळ्यांत लाडू रांगेत शेवटी उभ्या असलेल्या एका डॉक्टरांपर्यंत पोचला. सातव्या टाळीला त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी तो खाऊन टाकला. आतोबांना कोण आनंद! "अगदी बरोबर! शेवटच्या घरातून बाहेर पडलेलं परत मिळत नाही!"

सी-स्कीम भागातल्या सिग्नलवर उलटे आकडे मोजणारी पाटी दिसली की रिक्षावाल्याची खैर नसे. "देखो भैया, इकाई शून्य हुई, अब फिर नौ बनेगी और दहाई को एक नीचे आना पड़ेगा. यही काउंटर है." हे एकं-दहं समजावून होईतो हिरवा लागलेला असे, मागचे हॉर्न वाजवून हैराण झालेले असत, आणि रिक्षावाला खरोखरच पाटीकडे बघत बसलेला असे.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. वाचली, पण उजवा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आत्या चालेना. "मोजून पावलं टाकायला मी काय कवायतीला आलेय?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आतोबांनी समजावलं, रागावले, आणि मग गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला भीती वाटली.

आठवड्याभरानं गेले तर बेडरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत भिंतीवर सोळा छोटे लाल दिवे ओळीनं लावलेले. आत्याच्या काठीच्या बुडाशी बटण, त्याला लांबलचक वायर. "काठी टेकली की उजेड एक घर पुढे सरकतो," आतोबा म्हणाले. "तू फक्त त्याच्या मागे जा."

आत्यानं नाइलाजानं काठी टेकली. उजेड टुणकन चार दिवे पुढे गेला.

"अहो, मी काय मारुती आहे का?" आत्या म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

"बटणातला पत्रा थरथरतो गं. आपल्याला एकदा टेकल्यासारखं वाटतं, सर्किटला चारदा दिसतं." त्या दुपारी त्यांनी ती थरथर गिळणारं काहीतरी बसवलं. दुसऱ्या दिवशी उजेड नीट एकेक घर सरकला, पण सोळाव्या दिव्यानंतर नाहीसा झाला. "गेला की हो!" आत्या इतकी हिरमुसली, की आतोबांनी लगेच शेवटच्या दिव्याची वायर पहिल्याला जोडून दिली. आता उजेड दारापाशी विझला की बेडरूमजवळ उगवे आणि आत्या त्याला गाठायला परत फिरे. शेजारी फेऱ्या मोजणारा काउंटरही लागला. कामवाली त्या वायरीत दोनदा अडकली, पण आत्या चालायला लागली. आधी दारापर्यंत, मग फाटकापर्यंत, आणि उन्हाळ्यापर्यंत काठीशिवाय.

इतकी चालायला लागली, की लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा पुण्याला निघून गेली. आतोबा थांबले, कारण बस्सी आणि चाकसू या जवळच्या गावांहून त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या परीक्षा होत्या. परीक्षा झाल्या. आत्याचा मुक्काम मात्र वाढत गेला. बाळ आजीशिवाय झोपत नाही म्हणे. "चला की पुण्याला," मी म्हणते. "जाऊ, जाऊ. मतलब, पुढच्या महिन्यात बघू," म्हणतात. लेकीच्या दोन खोल्यांत आपली अडचण होईल, हे त्यांच्या तोंडून निघत नाही.

परवा रविवारी गेले, तेव्हा आत्याचा फोन स्पीकरवर चालू होता.

"आज कुठवर गेलीस?" आतोबांनी विचारलं.

"बागेपर्यंत. येताना टेकडीवरून आले."

"टेकडीवरून? शाब्बास." ते म्हणाले, "मग आता जयपूर काही फार लांब नाही तुला."

 पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"जेवलात का हो?" तिनं विचारलं.

"जेवलो की. केव्हाच."

मी स्वयंपाकघरात डोकावले. गॅसवर सकाळच्या चहाचं भांडं तेवढं होतं.  हात धुतले आणि दोघांपुरती कणीक मळायला घेतली.