आजीचा शब्द

दुपारी नात पडवीत वाचत बसते आणि मी ऐकतो. एक शब्द वाचते, गप्प राहते, मग एक शब्द सोडून पुढचा वाचते. सोडलेला शब्द आजीचा. शाळेत आया-आज्यांना पोरांबरोबर वाचायला शिकवतात, तिथली ही रीत: एक शब्द पोरानं वाचायचा, एक मोठ्या माणसानं. माझी बायको म्हातारपणी तिथंच अक्षरं शिकली. ती गेली, पण नात अजून तिच्यासाठी थांबते. चटईवर जागाही सोडते.

काल अशीच थांबली, हसली आणि त्या रिकाम्या जागेला म्हणाली, "हीर नाही गं आजी, विहीर."

म्हातारी शेवटपर्यंत हीरच वाचायची. वर म्हणायची, "पाणी तेच हाय ना?"

मी कान देऊन बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही.

शाळेतल्या बाई सांगतात, परमुलखातही असे वर्ग चालतात. तिथंही कुणाकुणाचे शब्द असे मागं राहत असतील.

सून म्हणते, "आबा, तुम्ही बसा तिच्याशेजारी. चौथी शिकलाय की."

शिकलोय. मला विहीर नीट वाचता येते. म्हणूनच बसत नाही.