आय ॲम कमिंग

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन लखनौला आले, तेव्हा माझं इंग्रजी शाळेपुरतं आणि हिंदी त्याहून धन्य. नवरा चिनहटच्या एका कारखान्यात. सकाळी सातला स्कूटर काढायचा, तो दिवेलागणीला परत. साताऱ्याच्या भरल्या घरातून आलेली मी. बोलायला माणूस मिळेना म्हणून कुकरशी बोलायचे. हसू नका, खरंच बोलायचे.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्याच राहायच्या. सत्तरीच्या, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. सकाळी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. पहिल्याच दिवशी मी "मेरे को सब्जी लाने का है" म्हटलं आणि त्यांनी डोळेच मिटले. दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी सुरू. "गुड मॉर्निंग. हाऊ आर यू?" मी नुसती मान हलवली.

"मान काय हलवतेस नंदीबैलासारखी?" जेवताना नवरा म्हणाला. "म्हणायचं, फाइन, थँक यू. अँड यू?" ते मी भाकऱ्या थापता थापता घोकलं.

पण निघताना काय म्हणायचं, ते काही त्याने सांगितलं नाही. "आय ॲम गोइंग" मला येत होतं हो, न यायला काय झालं? पण दारातून बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं? आईने पाठीत धपाटाच घातला असता. जाते काय, येते म्हण! म्हणून मी आपली पिशवी सावरत म्हणायचे, "आय ॲम कमिंग, आंटीजी," आणि फाटकाबाहेर. स्वतःवरच इतकी खूश व्हायचे, काय सांगू!

भाजी घेऊन परत यावं, तर त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची मांडलेली, स्टुलावर किटली आणि दोन कप. रोज. मला वाटायचं, यांच्याकडे कुणीतरी येतंय. नशीबवान बाई. आपण कशाला मध्ये कडमडा? मान खाली घालून जिना चढायचे आणि वर जाऊन, खोटं कशाला सांगू, चक्क रडायचे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याचा हेवा वाटायचा मला. कुणीतरी मलाही "बस गं जरा" म्हणावं, एवढंच हवं होतं.

अशी पावणेदोन वर्षं गेली. मग नवऱ्याची पुण्याला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढलं आणि मी किल्ल्या द्यायला खाली गेले. तीच खुर्ची, तेच दोन कप. धीर करून विचारलं, "कोई आनेवाला है, आंटीजी?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हिंदीत, सावकाश म्हणाल्या, "आप ही तो रोज़ कहती हैं, आय ॲम कमिंग. फिर आती नहीं."

अगं बाई गं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्यात निघताना 'जाती हूँ' म्हणत नाहीत, 'आती हूँ' म्हणतात. नाहीतर अपशकुन होतो. त्या हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "और मैं समझी, लड़की घमंडी है," म्हणाल्या.

मी बसले. चहा पार गारढोण झाला होता, दोघींनी तसाच घेतला. पावणेदोन वर्षांचं बोलणं वीस मिनिटांत कुठं मावतंय? ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता.

फाटकापाशी "कमिंग" अगदी ओठांवर आलं होतं. पण पुन्हा त्यांना खोटं सांगवेना. जन्मात पहिल्यांदाच कुणाच्या दारातून निघताना म्हटलं, "आय ॲम गोइंग, आंटीजी."

त्यांनी वर्गात धरावं तसं बोट वर धरलं. "ग़लत. आपके यहाँ ऐसा नहीं कहते."

"येते," मी म्हटलं, मराठीतच.

परत काही लखनौला जाणं झालं नाही.