कॅमेऱ्याच्या डोळ्याला कुंकू

मंडळी, मी सांगतेय आणि नात वैशाली टाइप करतेय.

अमेरिकेतल्या नातवानं नवा डिजिटल कॅमेरा पाठवलाय. दिसायला नवरदेवासारखा, वर पावसाला-धुळीला न भिणारा. आज सकाळी इथं तासगावात नातवाच्या लेकीचं बारसं झालं. त्यानं पोरगी अजून बघितली न्हाई, आणि सगळे फोटो त्या कॅमेऱ्यातच.

बारसं उरकल्यावर ध्यानात आलं, कॅमेऱ्याची पूजाच राहिली! नव्या ट्रॅक्टरची करतो तशी केली. हळद-कुंकू लावलं, नेमकं काचेच्या डोळ्यावर.

वैशाली किंचाळली, "आज्जी, अगं काय केलंस हे!"

"पावसाला भीत न्हाई म्हणत हुतीस न्हवं? मग धू की नळाखाली."

तिनं धुतला, बटण दाबलं. पडदा काळाच. बापाला दिसायच्या आधी लेकीचं तोंड मीच पुसलं की काय?

मग पडदा उजळला. बाळ पाळण्यात जांभई देत हुतं.

कॅमेरा पास! कडेच्या खाचेत थोडं कुंकू उरलंय, ते मी काढू दिलं न्हाई. फोटोंना आता लय लांब जायचंय. तुमच्यात लांब निघालेल्याला कुंकू न लावता सोडत्यात व्हय?