एक जूनला जन्मलेलं गाव

विजयमालाला ब्लाउज शिवता शिवता ब्लॉगचं वेड लागलं, याचं टाकळवाडीत कुणालाच नवल वाटलं नाही. या बाईला कसलंही वेड लागू शकतं हे गावानं केव्हाच मान्य करून टाकलं होतं. लेक भक्ती परभणीला कॉलेजात गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आईनं शिलाई मशीनशेजारी मांडून घेतला, आणि तेव्हापासून तिच्या एका हाताशी कात्री असायची, दुसऱ्या हाताशी माऊस. ब्लॉगचं नाव 'टाकळवाडीची खबरबात'. कुणाची म्हैस हरवली, कुणाची पोरगी दहावीत पहिली आली, पालमची एसटी कधीपासून बंद आहे, सगळं त्यात. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. ती माणसं तिकडं फडातून हे वाचायची. व्हॉट्सअ‍ॅपवरची बातमी वाहून जाते, ब्लॉगवरची जागेवर राहते, असं विजयमालाचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

पण नुसत्या बातम्यांवर भागेना. एके दिवशी भक्तीनं फोनवर तिला प्लगइन म्हणजे काय ते सांगितलं आणि बाईला ते फारच लवकर समजलं. ब्लॉग म्हणजे साधा ब्लाउज. अंगाला बसला की झालं. पण गिऱ्हाइकाला मागं गोंडे पाहिजेत, बाहीला लटकन पाहिजे. ते काही शिवणारी घरी बनवत बसत नाही. बाजारातून तयार आणते आणि टाके घालते. प्लगइन तसंच. दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं, आपण आणायचं आणि ब्लॉगला जोडायचं.

त्यातून बरेचसे फुकट मिळतात म्हटल्यावर विजयमालाचा हात थांबतोय कशाला! एकानं हवामान कळायला लागलं, एकानं सोयाबीनचा भाव. एक असा होता की ज्यांना वाचता येत नाही त्यांना बातमी वाचून दाखवायचा, तीही अशा आवाजात की बातमी कसलीही असो, बाई रुसलेलीच वाटावी. आणि एकानं पान उघडलं की वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. हौसेनं बसवलेला तो प्लगइन तिला एका दुपारी घाईघाईनं काढावा लागला, कारण त्या दिवशी बातमी मयताची होती आणि पाकळ्या तिच्यावरही पडत होत्या.

घरात या सगळ्याची दखल न घेणारं एकच माणूस होतं. तिची सासू धुरपताबाई. सगळा जन्म रानात आणि उसाच्या फडात गेलेली ही बाई फार बोलायची नाही, आणि बोलली की ऐकणाऱ्याला वाटायचं, गप्प होती तेच बरं होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी सुनेच्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. त्या मुकाट्यानं खायच्या आणि सुनेनं त्यातच समाधान मानावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मे महिन्यात विजयमालानं वाढदिवसाचा प्लगइन जोडला. नाव आणि तारीख भरून ठेवायची, फोटो चिकटवायचा. त्या दिवशी तो माणूस आपोआप पानावर झळकणार, भोवती रंगीत फुगे उडणार आणि ब्लॉगला जोडलेल्या प्रत्येक फोनवर शुभेच्छा वाजणार. पहिला नंबर भक्तीचा लागला. ते फुगे बघून गाव हरखलं. ऊसतोडीची माणसं घरी परतली होती, पेरणीला अवकाश होता. बायाबापड्या आधारकार्ड घेऊन विजयमालाच्या दारात उभ्या राहिल्या आणि ती भरत बसली.

खरं तर तिथंच तिच्या लक्षात यायला हवं होतं. एक जून, एक जून, पुन्हा एक जून. पण शिवणाऱ्या बाईला तोच टाका हजारदा घालायची सवय असते. हात चालत राहिला, डोकं मागं राहिलं.

पूर्वी जूनमध्ये शाळा उघडली की बाप पोराला गुरुजींसमोर उभं करायचा. जन्म कधीचा? बाप सांगायचा, पोळ्याच्या पुढं-मागं. साल? ज्या साली विहीर आटली त्या साली. गुरुजी तरी काय करणार! ते सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांना पुढं आधारवाल्यानं तोच दिवस चिकटवला. अशी गावंच्या गावं आहेत मराठवाड्यात, सगळी एका दिवशी जन्मलेली.

तर एक जून उजाडला. झुंजूमुंजूलाच गावातले फोन वाजायला लागले आणि वाजतच राहिले. सासऱ्याला शुभेच्छा, जावयाला शुभेच्छा, एका घरात नवरा, बायको आणि चुलता तिघांना एकदम. पानावर इतके फुगे झाले की फोटो दिसेनात, आणि दुपारच्या आत ब्लॉगनं मान टाकली. बजरंग हॉटेलवाल्यानं तोवर पालमहून केक आणवला होता, त्यावर नाव घातलं होतं 'समस्त ग्रामस्थ'. विजयमालाचा नवरा रविकांत हॉटेलासमोर उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, "एका दिसात समद्या गावाचं बाळंतपण केलं बगा माज्या बायकूनं!"

विजयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ती प्लगइन काढायलाच बसली होती, तेवढ्यात धुरपताबाई येऊन मशीनशेजारी उभ्या राहिल्या.

"माजं बी नाव आलतं मनं त्याच्यात?"

"आलतं की आत्याबाई. फोटो बी आलता."

"खोटं हाय मनं ते."

"खोटं मंजी... लिवून घेणाऱ्यानं टाकलेली तारीख हाय ती. समद्यायचीच तीच."

"समद्यायचं ऱ्हाऊ दे. माजी खरी कंची?"

भक्तीचे फुगे उडत होते तेव्हा म्हातारी दाराशी बराच वेळ उभी होती, हे विजयमालाला आता आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, नातीचं कौतुक बघायलीय.

"सुलाबाईला ठाव आसंल," धुरपताबाई म्हणाल्या. सुलाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, पूर्णेला लेकाकडे असायची. "माज्या जल्माच्या वक्ताला ती होती घरात. बाकीचे समदे गेले. पर तिचं बी आता काय खरं न्हाई. मागल्या बारीला घडीभर मला वळकलं न्हाई तिनं." मग दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं, "मला पूर्णेला नेती का?"

पंचवीस वर्षांत सासूनं काही मागितलं ते हे पहिलंच. विजयमालानं शिवायला आलेली लग्नाची झंपरं बाजूला सारली आणि दुसऱ्याच दिवशी दोघी निघाल्या. वाटेत गाडी बदलावी लागली, उन्हानं जीव नको झाला, पण म्हातारीनं पाण्याशिवाय काही मागितलं नाही. सगळ्या वाटेत विजयमालाला एकच धास्ती होती. सुलाबाई विसरली असली, तर या बाईला स्वतःचा दिवस सांगणारं जगात कुणीच उरणार नव्हतं.

सुलाबाईचा लेक रेल्वेतून रिटायर झालेला, घर स्टेशनापासून जवळच. सुलाबाई बाजेवर बसलेली होती. आधी तिनं धुरपताबाईंना शेजारीण समजून चहाची विचारपूस केली. मग धुरपताबाईंनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा ती एकदम म्हणाली, "धुरपे! किती वाळलीस गं!"

"आक्का, मी कवा झाले?"

"काय कवा?"

"जल्मले कवा? कंच्या दिशी?"

"आता मरायच्या टायमाला कशाला पायजे तुला?" सुलाबाई म्हणाली. पण धुरपताबाईंनी हात सोडला नाही. शेवटी सुलाबाईनं भिंतीला पाठ टेकली.

"पंचमी होती. नागोबाची पंचमी. आमी समद्या पोरी लिंबाखाली. मी झोक्यावर उबी, लय उंच गेला होता झोका. तवा आजीनं हाक मारली, सुले, उतर खाली, माय बाळंत व्हायलीय. मी उतरले." ती थांबली. पुढचं सांगावं की नाही, हे तिला कळेना झालं होतं. मग एका दमात बोलून गेली. "चवथी पोरगी. मायनं भितीकडं त्वांड केलं. बाप दोन दिस घरला आला न्हाई. तुजी पाचवी पुजली न्हाई कुणी. बारसं न्हाई. धुरपता नाव बी मीच ठिवलं, कीर्तनात ऐकलतं मनून."

विजयमालाला वाटलं, आपण हे काय करून बसलो! हे ऐकवायला आणलं म्हातारीला एवढ्या उन्हातून? पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. हिच्यासाठी साधा दिवासुद्धा कुणी लावला नव्हता. तिला सासूकडे बघवेना.

धुरपताबाईंनी बहिणीचा हात थोपटला. मग म्हणाल्या, "मंजी तुजी पंचमी बुडली."

"कोणाची?"

"तुजी गं. माज्यापायी तुला झोक्यावरनं उतरावं लागलं."

"बुडली की! लय राग आलता मला तुजा. मांडीवर दिली तवा गेला." आणि सुलाबाई बोळक्या तोंडानं हसायला लागली. तिचं बघून धुरपताबाई हसल्या, आणि दोघी म्हाताऱ्या इतक्या हसल्या की आतून सुलाबाईची सून काय झालं ते बघायला आली.

परतीच्या एसटीत धुरपताबाई खिडकीशी बसल्या होत्या. पालम जवळ आलं तेव्हा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घरात न्हाई केलं कुणी. पर त्या दिशी समदा मुलुख सण करीत होता."

आता हा दिवस ब्लॉगवर लावायचा, एवढंच काम उरलं, असं विजयमालाला वाटलं. पण ते एवढंसं नव्हतं. वाढदिवसाच्या प्लगइनला इंग्रजी तारीख लागायची, आणि पंचमी दरसाल वेगळ्या तारखेला येते. जन्मसालाचाच पत्ता नसताना पंचांग तरी कुठलं बघायचं! शोधता शोधता तिला देवळांच्या ब्लॉगसाठी कुणी केलेला तिथीचा प्लगइन सापडला. सण दिला की तो दरसाली बरोबर त्या दिवशी आपला मजकूर दाखवायचा. तिनं तो आनंदानं जोडला, आणि सगळं पान पांढरंफटक झालं. ना बातमी, ना भाव, ना फोटो.

मशीन अडलं की दोरा काढून बघायचा, मग बॉबिन, मग सुई. तसं तिनं एकेक प्लगइन बंद करून पाहिला. बाकी सगळे निर्दोष निघाले. तिथीवाला आणि वाढदिवसवाला, या दोघांचं मात्र एकमेकांशी पटत नव्हतं. एक ठेवायचा तर दुसरा काढावा लागणार होता. आणि गावाला तर एव्हाना एक जूनची गोडी लागली होती. पुढच्या सालीही मोठा केक आणायचा, असं बजरंगनं ठरवूनही टाकलं होतं.

रविकांत म्हणाला, "एका म्हातारीपायी समद्या गावाचा वाढदिस बंद करायलीस का?"

"ती म्हातारी तुमची माय हाय," विजयमाला म्हणाली, "आन् गावाचा वाढदिस तसा बी खोटाच हाय." असं म्हणून तिनं वाढदिवसाचा प्लगइन काढून टाकला. रविकांत वैरण टाकायला गोठ्याकडे निघून गेला. आईची पाचवी कुणी पुजली नव्हती हे त्याला कळलं होतं, आणि तेव्हापासून तो तिच्यासमोर उगाच रेंगाळायचा.

पंचमी आली. त्या दिवशी कात्री चालवायची नसते, म्हणून मशीन बंद होतं. सकाळी विजयमालानं पान उघडलं. वर धुरपताबाईंचा फोटो होता आणि खाली एकच ओळ : आज नागपंचमी, आज आमच्या धुरपताबाईंचा जन्मदिवस. फुगे नव्हते. तिनं ते सासूला वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. गावातून कुणीकुणी लिहिलं होतं, तेही तिनं वाचलं. पूर्णेहून सुलाबाईच्या नातवानं आजीचा फोटो पाठवला होता, नवं लुगडं नेसलेली.

धुरपताबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि काढला. मग सुनेकडे नीट बघून म्हणाल्या, "आन् तुजी?"

"माजी काय?"

"तारीख गं. तुजी बी गुरुजीचीच हाय का?"

"हाय. एक जून."

"खरी कंची?"

"ठाव न्हाई," विजयमाला म्हणाली. "कुणी सांगितली न्हाई, म्या बी इचारली न्हाई."

"तुजी माय मनकर्णा हाय ना अजून सोनपेठला? ध्येनात आसंल का तिच्या?"

"आसंल की."

"मग बसली कशाला? ऊठ. पंचमीला लेकीनं माहेरी जायाचं आसतंय. म्या कवा जाऊ दिलं न्हाई तुला." धुरपताबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, त्यात दोन लुगडी कोंबली. "मी बी येते. तू लाजशील इचारायला. मी इचारीन."

विजयमाला दाराशी चपला शोधत राहिली. त्या समोरच होत्या, पण तिला दिसत नव्हत्या. रविकांत गोठ्याकडून आला, आणि दोघींना निघालेलं बघून त्यानं विचारलं, कुठं चाललात?

"हिचा दिस हुडकायला," धुरपताबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या पुढं होऊन रस्त्याला लागल्या.